अडतीस कोटी सोळा लाखांच्या बाई

बिराजदार बाईंना काहीही सांगितलं की त्या आधी विचारायच्या, "एकच हाय का आजून हाय?" चारची एसटी चुकली म्हटलं तरी हाच प्रश्न. शिपायानं कपाटाची किल्ली आणून दिली तर ती हातात धरून, "ह्या कुलपाला दुसरी किल्ली न्हाय, हे कुणी बघितलंय?" शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्हाला सुरुवातीला याचा फार वैताग यायचा. मी मराठीचा मास्तर. एका ओळीचे चार अर्थ निघाले की आम्ही खूश असतो, आणि पाचवा निघत नाही कशावरून, असं आम्हाला कुणी विचारत नाही. बाईंना मात्र एक सापडलं की लगेच दुसऱ्याची शंका यायची. "सापडलं म्हंजे संपलं न्हाय, सर," असं त्या मला वर्षातून शंभरदा तरी ऐकवायच्या.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. येरमाळ्याजवळच्या आमच्या हायस्कुलात त्या गणित शिकवायच्या. मूळच्या नळदुर्गकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, पण हिशेब सुरू झाला की ओठ कानडीत हलायचे. ठेंगणा बांधा, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. बूट मैदानासाठी. तरुणपणी त्या खो-खो खेळल्या होत्या, आणि शाळेत आल्या आल्या मुलींचा संघ त्यांनी आपणहून मागून घेतला होता. आमच्या जिल्ह्यात खो-खो खेळणाऱ्या पोरींचं कुणाला नवल वाटत नाही. गणिताच्या बाई शिट्टी वाजवतात, याचं मात्र बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं.

त्या संख्येची गाठ पडली ती धाराशिवला, एका प्रशिक्षणात. सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकाच सभागृहात कोंबलं होतं. दुपारच्या जेवणानंतर अर्धं सभागृह पेंगत असताना मार्गदर्शकांनी पडद्यावर एक संख्या दाखवली. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "काय लिवलंय वाचा की सर."

मी वाचलं: अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.

मार्गदर्शक म्हणाले, हिच्यात एकपासून नऊपर्यंतचे सगळे अंक एकेकदाच आले आहेत. आता डावीकडून बघा. पहिले दोन अंक घ्या, अडतीस, दोननं भाग जातो. पहिले तीन घ्या, तीनशे एक्क्याऐंशी, तीननं जातो. चार घेतले की चारनं, पाच घेतले की पाचनं, असं करत करत नऊच्या नऊ घेतले की नऊनं. माझी झोप उडाली नाही, पण कमी झाली. असलं काही गणितात असतं हे मला कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं.

"आणि गंमत म्हणजे," मार्गदर्शक म्हणाले, "अशी संख्या ही एकच आहे."

बाई उभ्या राहिल्या. "कशावरून?"

"संगणकानं सगळ्या मांडण्या तपासल्या आहेत, मॅडम. साडेतीन लाखांवर आहेत त्या."

"त्यानं तपासल्या. आपुन कवा तपासायच्या?"

सभागृह हसलं. मार्गदर्शकही हसले, पण चांगल्या मनाचे होते. "हातानं करायचं म्हणजे जन्म जाईल, बाई," म्हणाले. बाई खाली बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "सर, त्यो आकडा परत एकदा म्हणा. मला दिसत न्हाय तितं."

पडदा आमच्यापासून चार हातांवर होता.

काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं, बाईंनी आम्हाला सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय आणि मधे एवढंसं भोक उरलंय, असं त्यांनी परतीच्या एसटीत मला बोटांनी करून दाखवलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. "सर, पाचव्या जागी पाचच पायजे," त्या म्हणाल्या. "शून्य तर न्हायच त्यात. म्हंजे साडेतीन लाखांतले लई जण इतंच उठले."

एसटीच्या दीड तासात त्या हेच करत बसल्या. आधी मला वाटलं, दुःख विसरायला करतायत. तसं नव्हतं. त्यांना खरोखरच ते हवं होतं, भुकेल्याला भाकरी हवी असते तितकं.

पुढच्या आठवड्यात त्या पोरींना मैदानावर घेऊन गेल्या आणि मग सगळ्या शाळेला त्यांचा या संख्येचा आजार कळला. खो-खोत नऊ जणी उतरतात. आठ जणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं, आणि नववी सुटी धावत असते. पोरींच्या जर्सीवर एकपासून आकडे होतेच. बाईंनी एक ते नऊ जर्सीवाल्या निवडल्या. प्रत्येक पोरगी म्हणजे एक अंक आणि ओळीतली तिची जागा म्हणजे त्या अंकाची जागा.

"पाचव्या जागेवर कोण बसंल?"

"पाच!" पाच नंबरची जर्सी रेश्माची. ती कर्णधार आणि आवाज घंटेसारखा.

"दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी?"

थोडी कुजबुज झाली, मग उत्तर आलं. दोन, चार, सहा, आठनं भाग जायचा तर तिथं सम अंकच हवेत. सम चारच आहेत, म्हणजे ते तिथंच संपले.

"मंग समांनी देवीच्या डोंगराकडं तोंड करा, विषमांनी सडकेकडं."

पोरी बसल्या आणि स्वतःच ओरडल्या. एक तोंड इकडं, एक तिकडं, खो-खोची ओळच बसली होती. पाच विषमांपैकी चौघी ओळीत आणि एक सुटी. आणि सुटीला काही अटच नाही, कारण एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस, ती नऊच्या पाढ्यातच आहे. नऊनं भाग कसाही जातो. "नववी कुठंबी धावू दे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं तोंड इतकं फुललेलं होतं की मी पाचवीच्या वह्या तपासायच्या सोडून खिडकीत उभा राहिलो.

रेश्मा मात्र कुरकुरायची. "बाई, मी कवा उठायचं?"

"तू उटलीस की सगळी वळ कोसळती. बस गप."

असं करत त्यांनी साडेतीन लाखांना चाळत आणलं. चारनं भाग जायचा तर चौथ्या जागी दोन किंवा सहाच बसतात. आठव्या जागेचंही तसंच. म्हणजे चार आणि आठ या दोघींना दुसरी आणि सहावी जागा उरली. मधल्या तिघींची बेरीज तीनच्या पाढ्यात बसायला हवी, म्हणून त्या एकतर दोन-पाच-आठ, नाहीतर सहा-पाच-चार. हे मला समजलं, यावरूनच त्यांच्या शिकवण्याची कल्पना यावी. शेवटी दहा ओळी उरल्या. त्या दहांतून निवड करायला राहिला फक्त सात. पहिल्या सात जणींच्या संख्येला सातनं भाग जातो का, एवढंच बघायचं. पण सातला युक्ती नाही, सातला सरळ भागावंच लागतं. "सात लई खट हाय," बाई म्हणायच्या, "त्येच्या दारात गेल्याबिगर त्यो बोलत न्हाय."

खडू त्यांनी सोडलाच होता. पोरी पहिल्या जागेपासून आपापला अंक ओरडायच्या आणि बाई डोळे मिटून कानडीत भागाकार करायच्या. "एळु, एळु," एवढं एकच मला ओळखू यायचं; कानडीत सात.

दिवाळीनंतर नजर आणखी उतरली. फळ्यावरचं त्यांना काही दिसेना, त्या जिन्याचा कठडा धरून चढू लागल्या. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. दहावीचा निकाल घसरला तर पालक काय म्हणतील, वर काय उत्तर द्यायचं, याची त्यांना धास्ती. मी तिथंच होतो.

"बाई, दहावीचं गणित यंदा तासिकेवरच्या नव्या सरांना देऊ. तुम्ही पाचवी घ्या. किंवा मग स्वेच्छानिवृत्तीचं बघा."

बाईंचा हात टेबलाची कड चाचपत होता, तो थांबला. "सर, मला फळा दिसत न्हाय. गणित दिसतंय. दहावी माझी हाय, ती मी सोडणार न्हाय."

"लोकांना कसं पटवायचं, बाई?"

"सव्वीस जानेवारीला पालक येत्यात न्हवं? तवा मैदानात दाखवते. खडू न्हाय, फळा न्हाय, कागद न्हाय. ती संख्या एकच हाय, हे शेवटपत्तूर सिद्ध करते. एक जरी चूक झाली तर दहावी मीच सोडते. तुमाला सांगायची पाळी येणार न्हाय."

मुख्याध्यापक कबूल झाले. मला तो सौदा मुळीच आवडला नाही. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "तुमी मराठीवालं. तुमाला चुकीची भ्या वाटती. मला न तपासल्याची वाटती." आणि ही बातमी त्यांनी त्याच दिवशी दहावीच्या पोरींना, म्हणजे जवळजवळ सगळ्या खो-खोच्या संघालाच, स्वतः सांगून टाकली, अटीसकट.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, भाषणं झाली. पटांगणाच्या कडेला जिलेबीची टोपली आली आणि लोकांचं अर्धं लक्ष तिकडं गेलं. मग नऊ पोरी मैदानात उतरल्या. बाई पहिल्या खांबाजवळ उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. आधी त्यांनी पोरींकडून साडेतीन लाखांच्या दहा ओळी कशा झाल्या ते वदवून घेतलं. आयाबाया कौतुकानं बघत होत्या. बाप लोक मिशीत हसत होते, पण बघत होते.

मग ओळी सुरू झाल्या. पोरी अंक ओरडायच्या, बाईंचे ओठ हलायचे आणि त्या बाकी सांगायच्या. "सा उरले. न्हाय चालत. पुढं." "दोन उरले. न्हाय. पुढं." जागा बदलायची असेल तर बाई सांगायच्या, "पहिली, तिसरी, बदला," आणि सुटीला आत घ्यायचं असेल तर म्हणायच्या, "सुटी, तिसरीला खो." पोरी चपळाईनं उठत-बसत होत्या. आठव्यांदा पहिल्या तिघी ओरडल्या, तीन, आठ, एक, आणि पुढच्या चौघी: सहा, पाच, चार, सात. बाईंचे ओठ बराच वेळ हलले. मग त्या म्हणाल्या, "बाकी शून्य."

टाळ्या पडल्या. बाईंनी हात वर केला. "सापडलं म्हंजे संपलं न्हाय." लोक हसले. उरलेल्या दोन ओळीही झाल्या, दोन्हींत बाकी उरली. दहा पूर्ण. आता टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापक खुर्चीवरून उठून बाईंकडे निघाले, शिपायानं जिलेबीच्या टोपलीवरचं फडकं काढलं.

बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मान थोडी वाकडी करून त्या ऐकल्यासारखं करत होत्या, आणि तिथं ऐकायला टाळ्यांशिवाय काही नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुणी थांबेना. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी वाजवली.

"एक वळ राहिली हाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मी बोटांवर मोजल्या. दहा झाल्या."

"दहा वेळा अंक वरडले. पर पहिल्या जागेवरनं 'सात' मला दोनदा ऐकू यायला पायजे हुता. एकदाच आला. एक वळ दोनदा झाली आन् एक झालीच न्हाय."

एक नंबरच्या जर्सीतली पोरगी रडायच्या बेतात आली. सहाव्या ओळीच्या वेळी ती सुटी होती. बाईंनी पहिलीला आणि तिसरीला जागा बदलायला सांगितलं होतं. त्या दोघी उठायच्या आत ही सवयीनं मागून धावली आणि तिसरीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणाली. खो मिळाल्यावर खेळाडू उठणारच. तिसरी उठून सुटी झाली, ही तिच्या जागी बसली आणि पुन्हा आधीचीच ओळ तयार झाली. इतक्या वर्षांच्या सरावात कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दोनेकशे माणसं डोळे उघडे ठेवून बघत होती, मीही होतो.

मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी गेले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "बाई, कुणाला कळलेलं नव्हतं. उत्तर बरोबरच आहे. सोडून द्या."

"बरोबर हाय, हे आजून म्हायती न्हाय, सर. त्या वळीत दुसरं उत्तर असलं तर?"

आणि त्यांनी पोरींना बसवलं. राहिलेली एकच ओळ नव्हे. "आता भरवसा न्हाय," म्हणून पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा. उन्हं चढली. जिलेबीचं वाटप काही थांबेना, लोक पुडे घेऊन घराकडं निघाले. पहिल्या चार ओळी होईतो खुर्च्या निम्म्या रिकाम्या झाल्या. बाईंना ते दिसत नव्हतं, आणि ऐकू येत असणार, पण त्यांनी आवाज कमी केला नाही. रडणाऱ्या पोरीला त्या म्हणाल्या, "रडायचं मागनं. आत्ता तू एक हायस, बस जागेवर." राहिलेली ओळ आली. पहिल्या जागेवरून सात नंबरची पोरगी जिवाच्या आकांतानं ओरडली. सात, आठ, नऊ, सहा, पाच, चार, तीन. बाईंचे ओठ हलले. "चार उरले," त्या म्हणाल्या, "न्हाय चालत." दहावी ओळ संपली तेव्हा मैदानात नऊ पोरी, मुख्याध्यापक, मी आणि कुणाची तरी आई एवढेच होतो. "आता एकच हाय," बाई म्हणाल्या आणि खाली मातीतच बसल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दहावी तुमचीच. मी लिहून देतो."

"न्हाय सर. एक चूक झाली तर सोडीन म्हणले हुते."

"चूक पोरीची होती. आणि धरली तुम्हीच."

"वळ माझी हुती, पोरगी माझी हुती. मला धरायला उशीर झाला. आन् ह्या पोरींसमोर बोललेले हाय मी. आज सवलत घेतली तर उद्या ह्यांना कुठल्या तोंडानं 'कशावरून' इचारू?"

आम्ही दोघांनी खूप समजावलं. मी तर रागावलो, वेडेपणा आहे हा असंही म्हणालो. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. सोमवारच्या वेळापत्रकात दहावीचं गणित तासिकेवरच्या नव्या सरांच्या नावे लागलं आणि बाईंना पाचवी मिळाली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. शब्दाला जागण्याची एवढी किंमत कुणी मागितली नव्हती.

बाई सकाळच्या पहिल्या एसटीनं यायच्या, प्रार्थनेच्या तासभर आधी. पाचवीच्या वर्गात जाऊन एकट्या बसायच्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी लवकर आलो होतो. पाचवीच्या दारात चपलांचा ढीग दिसला, पाचवीच्या मानानं मोठ्या मापाचा. आत डोकावलो. पाचवीची तीन-चार पोरं पुढं होती आणि मागच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून, दहावीच्या पोरी बसल्या होत्या. श्वास रोखून. त्या आल्याचं बाईंना माहीत नव्हतं. बाई पाचवीला विचारत होत्या, "बाराला कुणाकुणानं भाग जातो?"

पाचवीनं सांगितलं, दोन, तीन, चार, सहा.

"बास? आजून न्हाय? कशावरून?"

"एक आन् बारा राहिले, बाई," मागून आवाज आला. घंटेसारखा.

बाईंनी मान आवाजाकडं वळवली. हात टेबलावर होता, तो तिथंच राहिला. "रेश्मा," त्या म्हणाल्या, "पाचवीत कवा आलीस?"

"तास सुरू व्हायला येळ हाय, बाई. रोज येणार हाय आमी. सगळ्या."

"तुमचं सर हायत न्हवं आता?"

त्यावर मागचा शेवटचा बाक जोरात करकरला.

"त्या बाकावर कोण हाय?" बाईंनी विचारलं. "ही पोरगी न्हाय. लई वजन हाय."

तासिकेवरचे नवे सर त्या बाकात अडकले होते. मांड्या सोडवत ते कसेबसे उभे राहिले. "मी आहे, बाई. त्या दिवशीचं सातचं मला कळलं नाही."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. "खाली बसा," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासनं सांगते." सर बसले, बाक पुन्हा करकरला, आणि बाई बोलू लागल्या.